इतिहासाच्या पीएच.डी.ची कुळकथा

इतिहासात पीएच.डी. मिळवायची तर मूळ कागदपत्रे धुंडाळून स्वतंत्र प्रबंध लिहावा लागतो. ही अट विद्यापीठांइतकी जुनी नाही. तिचे वय जेमतेम दोनशे वर्षांचे.

मध्ययुगीन युरोपात पदवीचा निकाल लागे तो वादसभेत. उमेदवाराने ठरलेल्या विधानांचे लॅटिनमध्ये मंडन करायचे, इतरांनी खंडन. नवे काही शोधून काढण्याची अपेक्षा नसे. जर्मन विद्यापीठांत तर अठराव्या शतकापर्यंत छापील प्रबंध अनेकदा अध्यक्षस्थानी बसणारा प्राध्यापकच लिही आणि विद्यार्थी नुसती त्याची बाजू लढवी.

हे चित्र पालटण्यात बर्लिनच्या लिओपोल्ड फॉन रांके यांचा वाटा मोठा. १८३०च्या दशकात ते निवडक विद्यार्थ्यांना घरी जमवत. पुढ्यात एखादा मध्ययुगीन वृत्तांत ठेवायचा आणि त्याची उलटतपासणी करायची : हा लिहिला कोणी, घटनेनंतर किती काळाने, स्वतः पाहून की दुसऱ्याचे उतरवून? अशी चिकित्सा भाषाशास्त्राच्या वर्गांत आधीपासून होतीच. गॉटिंगेनचा तसा वर्ग १७३८च्या सुमारास निघाला होता. रांके यांनी तिला इतिहासाच्या कामाला लावले. १८३७पासून त्यांच्या शिष्यांनी सॅक्सन राजांच्या कारकिर्दींवर लिहिलेले ग्रंथ छापून येऊ लागले. विद्यार्थ्यानेही ज्ञानात भर घालावी, ही अपेक्षा इथे रुजली. ‘सेमिनार’ म्हणतात तो रांके यांचा हाच वर्ग.

अमेरिकेत पहिल्या पीएच.डी. पदव्या येल विद्यापीठाने १८६१मध्ये दिल्या. इतिहासापुरता साचा मात्र घडला तो बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये. १८७६मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठात हायडेलबर्गचे डॉक्टर हर्बर्ट बॅक्स्टर ॲडम्स यांनी सेमिनार चालवला आणि १८८२पासून तिथले अभ्यास छापण्यासाठी मालिका काढली. फ्रेंच आणि जर्मन वाचता येणे तिथे गरजेचे होते.

अटी कधी नुसत्या जाचकही ठरत. अमेरिकी अभ्यासक डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस १८९२ ते १८९४ बर्लिनमध्ये शिकले, पण तिथल्या वास्तव्याची ठरलेली सत्रे पुरी होईनात आणि शिष्यवृत्तीही वाढवून मिळेना. अखेर गुलामांच्या व्यापारावरील प्रबंधासाठी १८९५मध्ये त्यांना हार्वर्डची पदवी मिळाली.

ऑक्सफर्डने ही पदवी १९१७मध्ये स्वीकारली. आपल्याकडे ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड काढणारे वि. का. राजवाडे बी.ए.च होते, त्यांच्या कामाला पदवीची गरज पडली नाही. मराठेशाहीवर प्रबंध लिहिणाऱ्याला फ्रेंच-जर्मनपेक्षा मोडी आणि फारसी अधिक उपयोगी पडते, मग नियमावलीत त्यांचा उल्लेख असो वा नसो.

विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९च्या नियमांत प्रवेशपरीक्षा आणि कोर्सवर्क आणले. २०२२च्या नियमांनी एम.फिल. बंद केली, किमान मुदत तीन वर्षे ठेवली, कोर्सवर्कसाठी किमान १२ श्रेयांक ठरवले आणि प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढून टाकली.