झुळझुळ आणि जुळुजुळु

फराळाचे ताट समोर घ्या. त्यात एक चकली आहे, एक बेसनाचा लाडू आहे. समजा, या दोघांना अजून नावेच पडलेली नाहीत आणि आपल्याला दोन परकी नावे वाटून द्यायची आहेत: एक ‘टाकेटे’ आणि दुसरे ‘मालुमा’. कोणते नाव कुणाला द्याल? घरातल्या मुलांना विचारा, आजीला विचारा. बहुतेक जण काटेरी चकलीला टाकेटे म्हणतील आणि लाडूला मालुमा. का, असे विचारले तर मात्र धड कारण कुणाला सांगता यायचे नाही.

ही नावे माझी नव्हेत. वोल्फगांग कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1929 साली आपल्या पुस्तकात दोन आकृत्या छापल्या, एक कोनाकोनांची आणि एक गोलाव्याची. त्यांपैकी टाकेटे कोणती आणि बालुमा कोणती, असे त्याने विचारले (1947 च्या आवृत्तीत ‘बालुमा’चे ‘मालुमा’ झाले). बहुतेक लोक न अडखळता उत्तर देतात, एवढीच त्याची नोंद होती. त्याच 1929 साली अमेरिकेत एडवर्ड सपीर या भाषाशास्त्रज्ञाने ‘माल’ आणि ‘मिल’ असे दोन निरर्थक शब्द घेतले. दोन्हींचा अर्थ टेबल आहे असे सांगून मोठे टेबल कोणते ते लोकांना विचारले, तेव्हा बहुसंख्यांनी ‘माल’कडे बोट दाखवले. ‘आ’ म्हणताना तोंड मोठे उघडते, ‘इ’ म्हणताना आतली जागा चिंचोळी होते, हे त्याचे एक कारण सांगतात.

आपल्या सीमाभागातल्या माणसाला हे पटायला वेळ लागणार नाही. कन्नडमध्ये लहान म्हणजे ‘चिक्क’ आणि मोठे म्हणजे ‘दोड्ड’. सपीरला ही जोडी आवडली असती. मराठीतही चिमुकले, चिंगळी, टिकली, पिल्लू हे शब्द बारीकच लागतात आणि ढब्बू, ढोल, भोपळा ऐकताच डोळ्यांपुढे पोट येते. पण याच मराठीत ‘लहान’ या शब्दात चांगला ऐसपैस ‘आ’ आहे! डबा-डबी, लोटा-लोटी, सुरा-सुरी यांतला लहानपणा दाखवणारा ‘ई’ पुष्कळांना पुरावा वाटतो, पण तो जुन्या स्त्रीलिंगी प्रत्ययातून आला आहे. त्यामुळे तिथे कानाचे काम किती आणि व्याकरणाचे किती, हे वेगळे काढणे अवघड.

हा वाद पाश्चात्त्यांनी विसाव्या शतकात उकरला असे समजू नये. यास्काने निरुक्तात ‘काक’ हा शब्द कावळ्याच्या ओरडण्याचे अनुकरण आहे असे म्हटले, आणि पक्ष्यांच्या नावांत हा प्रकार पुष्कळ दिसतो असेही सांगितले. लगेच त्याने विरुद्ध मतही नोंदवले. औपमन्यव नावाच्या आचार्याला शब्दात ध्वनीचे अनुकरण असते हेच मान्य नव्हते; त्याच्या मते हाकलून द्यायचा तो काक. आपल्या अंगणातल्या गृहिणींचा अनुभव औपमन्यवाच्या बाजूचा असला, तरी कान यास्काच्या बाजूने कौल देतो. पुढे मीमांसकांनी शब्द आणि अर्थ यांचा संबंध उपजतच असतो असे धरले. नैयायिकांनी तो केवळ संकेताचा मानला आणि वेगवेगळे लोक तोच शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरतात, हे त्यावर बोट ठेवून दाखवले.

ग्रीसमध्ये प्लेटोच्या ‘क्रॅटिलस’ या संवादात सॉक्रेटिस हाच खेळ खेळतो. ‘र’ म्हणताना जीभ थरथरते म्हणून तो गतीचा वर्ण आणि ‘ल’ घसरतो म्हणून तो गुळगुळीतपणाचा, असे तो सुचवतो. मग स्वतःच पेच टाकतो: कठीणपणाच्या ग्रीक शब्दात ‘ल’ का बरे आहे? तरीही तो शब्द आपल्याला समजतो, म्हणजे रूढीलाही काही वाटा द्यावा लागेल.

मला यात सर्वांत महत्त्वाची वाटते ती आपल्या काव्यशास्त्राची साक्ष. अकराव्या शतकातल्या मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त माधुर्य गुणासाठी कोणते वर्ण योजावेत हे सांगताना ट-वर्ग वगळला, आणि आपापल्या अनुनासिकाला जोडून येणारे वर्ण पसंत केले. ओज गुणासाठी मात्र ट, ठ, ड, ढ, श, ष आणि रेफाची जोडाक्षरे हवीत असे म्हटले. टाकेटे आणि मालुमा यांची ही वाटणी नऊशे वर्षे आधीची नव्हे काय? मम्मटापुढे आकृत्या नव्हत्या, त्याच्यापुढे रस होता. तरी कान तोच. मात्र त्याचा नियम मराठीला जसाच्या तसा लागू करायला गेलो की ‘ळ’ आडवा येतो. तोही मूर्धन्यच, ट-ठांच्याच जागेवरून निघणारा, पण झुळझुळ, खळखळ, सळसळ यांत तो किती ओला वाहतो!

विसाव्या शतकात या साऱ्यावर पडदा पडला तो फर्दिनां द सोस्यूर याच्यामुळे. त्याच्या जिनिव्हातल्या व्याख्यानांचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, 1916 साली निघाले. शब्द आणि अर्थ यांचे नाते यादृच्छिक आहे, हे त्यातले सूत्र पुढे सर्वत्र शिकवले गेले. त्या नियमाने ‘झुळझुळ’सारखे शब्द अपवादाच्या अडगळीत गेले.

आपल्याकडे ते अडगळीत टाकणे शक्य नव्हते, इतकी त्यांची संख्या मोठी. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 साली निघाला आणि 1857 साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. तो चाळताना खट, धप, गट अशा बारक्या ध्वनींना कन, कर, दिनी, दिशी अशी शेपटे लावून लिहिलेल्या नोंदी ठिकठिकाणी भेटतात. शहरी मराठीने ‘कन’ तेवढा ठेवला आणि ‘दिशी’ खेड्यांकडे सोडून दिला. हे नुकसानच झाले. ‘धपकन’ पडलेला माणूस लगेच उठतो असे वाटते, ‘धप्पदिशी’ पडलेल्याला उचलावे लागते.

कन्नडमध्ये अशा शब्दांना अनुकरणाव्यय म्हणतात, आणि तिथे शेपटाऐवजी ‘अंत’ येतो, म्हणजे ‘असे म्हणून’: धप् अंत पडला. आता दोन्ही भाषा शेजारी ठेवून ऐका. आपला ओढा झुळझुळ वाहतो, त्यांचा जुळुजुळु. इकडे चाक गरगर फिरते, तिकडेही गरगर. अंग इकडे थरथर कापते, तिकडेही थरथर. आपण बडबड करतो, तेही बडबड करतात. आपला दिवा मिणमिणतो, त्यांचा मिणिमिणि करतो.

हे कुणी कुणाकडून घेतले? सीमाभागात असा प्रश्न निघाला की तो फार वेळ भाषाशास्त्राचा राहत नाही, हे 1956 नंतर आपण सर्वांनी पाहिले आहे. मरे एमेनो या द्राविड भाषांच्या गाढ्या अभ्यासकाने 1956 साली भारत हे एकच ‘भाषिक क्षेत्र’ आहे असे मांडले, आणि 1969 साली केवळ या ध्वनिशब्दांवर मोठा लेख लिहिला. वेगवेगळ्या कुळांतल्या भाषा शेजारी नांदता नांदता एकमेकींसारख्या होतात, आणि हे दुहेरी शब्द त्या शेजाराची खूण आहेत, असे त्याचे म्हणणे. वैदिक भाषेत ते थोडे आहेत, प्राकृतांपासून त्यांची गर्दी होते, हेही खरे. पण एकेका शब्दाचे मूळ गाव काढायला जावे तर पंचाईत होते. ज्याला ओढा आणि कान आहे तो ‘झुळझुळ’ स्वतःही घडवू शकतो. मग उसनवारीचा कागद दाखवणार कोण?

सांगलीजवळच्या कुपवाडचा 1971 साली प्रसिद्ध झालेला अभ्यास इथे आठवतो. गंपर्झ आणि विल्सन यांना दिसले की तिथल्या कन्नड, मराठी आणि उर्दू बोलींची वाक्यरचना जवळजवळ एक झाली आहे. शब्द तेवढे वेगळे ठेवून प्रत्येक समाजाने आपली ओळख राखली आहे. ओळखीसाठी राखलेल्या त्या शब्दांत ‘थरथर’ नसावा, असा माझा आपला तर्क.

पण कानावर सगळाच भरवसा ठेवला तर फजिती होते. मराठीत ‘गडगड’ आभाळाची. कन्नडमध्ये ‘गडगड’ म्हणजे थंडीने किंवा भीतीने कापणे, आणि मेघगर्जनेला ‘गुडुगु’ म्हणतात. मराठीत जिवाची ‘तळतळ’ होते आणि तिचा तळतळाट लागतो. कन्नडमध्ये घासलेले तांब्याचे भांडे ‘तळतळ’ चमकते. दुसऱ्या भाषेतून आलेल्या सुनेने सासूच्या भांड्यांची तळतळ वाखाणली तर काय होईल याची कल्पना करा. म्हणजे ध्वनी अर्थाच्या दारापर्यंत नेतो. पुढची खोली कोणती, ते घरची रूढी ठरवते. सॉक्रेटिसचा पेच शेवटी हाच होता.

अलीकडे या प्रश्नाला पुन्हा तोंड फुटले. रामचंद्रन आणि हबर्ड यांनी 2001 साली ‘बूबा’ आणि ‘किकी’ ही नवी जोडी पुढे आणली, आणि इंग्रजी व तमिळ बोलणारे सारखेच उत्तर देतात असे सांगितले. शंका निघाली की हा अक्षरांच्या आकाराचा तर परिणाम नाही? रोमन लिपीतले बूबाचे अक्षर गोल, किकीचे टोकदार. आपल्यासारख्या दोन लिप्या वाचणाऱ्यांना ही शंका फारशी अडवत नाही. कन्नड लिपीत सगळीच अक्षरे वाटोळी, आणि देवनागरीतल्या ‘ट’चेही पोट गोलच असते, तरी तो कानाला टोचतोच. नामिबियातल्या लेखन नसलेल्या हिंबा लोकांनीही गोल-टोकदारची वाटणी तशीच केली, हे 2013 साली प्रसिद्ध झाले. 2022 च्या एका मोठ्या अभ्यासात 25 भाषा आणि 10 लिप्यांमधल्या 917 लोकांना विचारले, तेव्हा सुमारे 72 टक्के उत्तरे अपेक्षेप्रमाणे आली. उरलेली आली नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. नेपाळमधल्या स्युबा भाषकांवर हा प्रयोग चाललाच नाही, असे 2017 साली दिसले. विचारलेले शब्द त्यांच्या भाषेच्या उच्चाराच्या घडणीत बसत नव्हते, असे अभ्यासकांनी कारण दिले. टाकेटेलासुद्धा आधी घरचा उच्चार व्हावे लागते.

ताटातली चकली मात्र आपल्या नावाबाबत बेफिकीर आहे. अंगभर काटे असून नावात एक मऊ ‘ल’ घेऊन ती बसली आहे. पलीकडच्या घरी तिला चक्कुलि म्हणतात, तिथेही ‘ल’ सुटलेला नाही. आणि तिच्या शेजारचे कोडुबळे? कोडु म्हणजे शिंग, बळे म्हणजे बांगडी. तिथे आकार ध्वनीने नव्हे, सरळ अर्थानेच सांगितला आहे. खाताना आवाज मात्र दोघांचाही कुडुमकुडुम.