धारचा भोज आणि यंत्रांचे गुपित

धार म्हटले की वाचकांच्या मनश्चक्षूंपुढे राजा भोज उभा राहतो. विद्वानांचा आश्रयदाता व अलंकारशास्त्राचा पंडित म्हणून त्याचे नाव सर्वांस ठाऊक आहे. पण अकराव्या शतकातील हाच परमार राजा यंत्रांविषयीही लिहून गेला, याची आठवण आम्हां मराठी मंडळींस फारशी नसते. वास्तविक धार व देवास ही पवारांची संस्थाने, आणि भोजाच्या नावे असलेला ‘समराङ्गणसूत्रधार’ हा ग्रंथ प्रथम छापून निघाला तोही गायकवाडांच्या बडोद्यास. टी. गणपतिशास्त्री यांनी संपादिलेले त्याचे दोन भाग १९२४-२५ च्या सुमारास प्राच्य ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले.

ग्रंथाचा मुख्य विषय वास्तुविद्या. नगररचना, राजगृहे, देवालये, प्रतिमा यांचा त्यात विस्ताराने विचार आहे. एकतिसावा अध्याय मात्र यंत्रविधानाचा. पृथ्वी, आप, तेज व वायू ही यंत्रांची बीजे, असे सांगून ग्रंथकार नाना चमत्कारिक यंत्रांचे वर्णन करतो. दिव्यात तेल घालणारी बाहुली, आगंतुकास अडविणारा लाकडी द्वारपाल, हलक्या लाकडाच्या पक्ष्याच्या पोटात अग्नी व पारा ठेवून आकाशात जाण्याची युक्ती, असे बरेच काही त्यात आहे. या पक्ष्यावरून प्राचीन विमानांच्या ज्या गप्पा रंगतात, त्यांत आम्हांस गोडी नाही. आमचे लक्ष वेधते ते ग्रंथकाराचे एक प्रांजळ निवेदन. यंत्रांची घडण आपण सांगितलेली नाही, ती ठाऊक नाही म्हणून नव्हे, तर ती गुप्त राहावी म्हणून. उघड केलेली यंत्रे फलदायी होत नाहीत, असा त्याचा आशय आहे. ज्यास ती हवी असेल त्याने परंपरागत कौशल्य, गुरूचा उपदेश, शास्त्राभ्यास, हातचे काम आणि बुद्धी यांच्या बळावर ती मिळवावी.

आजचा पेटंटचा कायदा, ज्यास सरकारी परिभाषेत एकस्व म्हणतात, तो याच्या अगदी उलट पायावर उभा आहे. सरकार संशोधकास म्हणते, तुझे गुपित सर्वांपुढे मांड. त्या विषयाचा जाणकार ते वाचून तीच वस्तू करू शकेल इतके स्पष्ट लिही. त्या मोबदल्यात अर्जाच्या दिनांकापासून २० वर्षे तुझ्या अनुमतीवाचून ती कोणी करणार वा विकणार नाही. मुदत संपली की ती विद्या लोकांची. आपल्याकडे अशा हक्काचा पहिला कायदा १८५६ साली झाला, आणि त्याच वर्षी ३ मार्च रोजी कलकत्त्याच्या जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग या एंजिनिअराने पहिला अर्ज केला, तो पंखा ओढण्याच्या यंत्रासाठी! भोजाच्या बाहुल्यांचेच हे भावंड म्हणावयाचे. पुढे १९११ चा कायदा आला; पण त्याचा अंमल ब्रिटिश हिंदुस्थानापुरता असल्याने धार व देवास त्याच्या कक्षेबाहेर होती. ही संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. आजचा कायदा १९७० चा, तो १९७२ पासून अमलात आहे.

आज धार-देवासच्या कारागिराने अर्ज करावयाचा तर तो मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. गोमंतकाचे अर्जही तेथेच. वस्तू वा कृती जगात अन्यत्र प्रसिद्ध झालेली नसावी, जाणकारास सहज सुचेल अशी नसावी, आणि उद्योगात उपयोगी पडावी, या तीन अटी. अर्जासोबत वर्णनपत्र लागते. काम अपुरे असल्यास तात्पुरते वर्णन देऊन तारीख राखून ठेवता येते व पूर्ण वर्णन १२ महिन्यांत द्यावे लागते. १८ महिन्यांनी अर्ज प्रसिद्ध होतो. मात्र तपासणी आपोआप होत नाही, तिची मागणी निराळ्या अर्जाने करावी लागते, हे कित्येकांच्या ध्यानात येत नाही. आणखी एक सावधगिरी. अर्जापूर्वी स्वतःच्याच शोधाची हकीकत उत्साहाने छापून टाकली, तर नावीन्याचा हक्क बहुधा गमवावा लागतो.

मग पिढीजात विद्येचे काय? धार जिल्ह्यातील बाघचे ठसेकाम घ्या. ते नवे नाही, म्हणून त्यास पेटंट नाही; १९९९ च्या भौगोलिक निर्देशांच्या कायद्याने त्या नावाचे रक्षण मिळाले आहे. परंतु परक्याने आपल्या घरची विद्या स्वतःची म्हणून नोंदविली तर? अमेरिकेत १९९५ साली जखमेवर हळद लावण्यास पेटंट मिळालेच होते. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास हरकत घेतली. त्या वेळी परिषदेच्या प्रमुखपदी गोव्यातील माशेल गावचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर होते. आजीबाईच्या बटव्याची साक्ष तेथे पुरेशी नव्हती. जुने लिखित दाखले, संस्कृत ग्रंथांसह, पुढे ठेवावे लागले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. ज्या पोथ्यांत कृती लिहिलेली होती, त्या उपयोगी पडल्या. भोजासारखा मौन पाळणारा ग्रंथकार तेथे कोणत्या कामाचा होता?

त्या मौनाची किंमत धारेतच दिसते. लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे पडले आहेत. एकत्र जोडले तर त्यांची लांबी ४० फुटांहून अधिक भरते. लोकपरंपरा त्याचा संबंध भोजाशी जोडते. एवढे लोखंड तापवून, ठोकून, सांधून ज्यांनी तो उभा केला, त्यांची कृती कोणत्याही पोथीत नाही. देवासला मात्र भोजाची रीत अद्याप चालू आहे, आणि ती योग्यच आहे. तेथील बँक नोट प्रेसमध्ये सरकारी नोटा छापतात व शाईही तेथेच बनते. त्या शाईची कृती कोणी पेटंटच्या अर्जात लिहून द्यावी, असे आम्हीही म्हणणार नाही.