आनंदीबाई जोशी यांची महाविद्यालय-निवड : १८८३ मधील पर्याय आणि निर्णय

डॉ. आनंदीबाई जोशी यांच्याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. काशीबाई कानिटकर यांनी लिहिलेले चरित्र, श्री. ज. जोशी यांची 'आनंदी गोपाळ' ही १९६८ मधील कादंबरी, तिच्यावरून झालेले नाटक आणि २०१९ मधील चित्रपट यांमुळे हे नाव घरोघरी पोहोचले. परंतु या बहुतेक लेखनाचा भर गोपाळरावांचा हट्टी स्वभाव, पती-पत्नीसंबंध आणि अकाली मृत्यू यांवर राहिला आहे. वैद्यकशास्त्र शिकू इच्छिणाऱ्या अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीपुढे त्या काळी कोणती महाविद्यालये होती आणि तिने त्यांतील एक का निवडले, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत निबंधात त्याचाच मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. अमेरिकेत वैद्यकीय प्रवेशापूर्वी चार वर्षांचे पदवीशिक्षण घेण्याची आज जी रीत आहे, ती १८८३ मध्ये नव्हती. प्रवेशासाठी पदवीची अट घालणारे जॉन्स हॉपकिन्सचे वैद्यकीय विद्यालय १८९३ मध्ये सुरू झाले आणि १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर प्रवेशाच्या अटी सर्वत्र कडक होत गेल्या. आनंदीबाईंचे शिक्षण बहुतांशी घरीच, पतीच्या देखरेखीखाली झालेले होते. आणखी पंधरा-वीस वर्षांनी जन्मलेल्या आनंदीबाईंना अमेरिकेतील पुढारलेल्या विद्यालयांत प्रवेश मिळणे दुरापास्त झाले असते, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

हिंदुस्थानातील पर्याय मोजकेच होते. मद्रास मेडिकल कॉलेजने १८७५ मध्ये चार स्त्रियांना प्रवेश दिला होता. पुढे लंडनमध्ये नावारूपाला आलेल्या मेरी शार्लीब त्यांपैकी एक. कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज मात्र बंदच होते. त्यामुळे अबला दास (पुढे अबला बोस) यांना १८८२ मध्ये मद्रासची वाट धरावी लागली. कादंबिनी गांगुली यांना कलकत्त्यात प्रवेश मिळाला तो १८८४ मध्ये, म्हणजे आनंदीबाई निघून गेल्यावर. मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ पासून चालू होते, पण एप्रिल १८८३ पर्यंत तेथे स्त्रियांना वाव नव्हता. जॉर्ज किट्रेज आणि सोराबजी शापूरजी बंगाली यांचे प्रयत्न तेव्हा नुकतेच सुरू झाले होते. दोन्ही दारे आनंदीबाईंची पाठ फिरताच वर्षभराच्या आत किलकिली झाली, हा योगायोग चटका लावणारा आहे.

परंतु मद्रास तर खुले होते. मग अमेरिका कशासाठी? हा प्रश्न त्या काळच्या लोकांनीही विचारला होता आणि आनंदीबाईंनी त्याचे उत्तर जाहीरपणे दिले. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर (बंगाल) येथील कॉलेजच्या सभागृहात त्यांनी इंग्रजीतून भाषण केले. त्याची रचनाच प्रश्नोत्तरांची होती : अमेरिकेला का जाता, येथे सोय नाही काय, एकट्या का जाता, परतल्यावर बहिष्कार पडणार नाही काय. कॅरोलीन डॉल यांच्या १८८८ मधील इंग्रजी चरित्रात हे भाषण आले आहे. त्यात मद्रासचे कॉलेज व इतर इलाख्यांतील सुईणपणाचे वर्ग यांचा उल्लेख त्या स्वतः करतात. मात्र तेथील शिक्षण अपुरे आहे आणि शिकविणाऱ्यांची वृत्ती स्त्रियांना अनुकूल नाही, असा त्यांचा आक्षेप होता. दुसरे कारण अधिक बोलके आहे. ख्रिस्ती किंवा ब्राह्मो स्त्रीला जे संरक्षण मिळते, ते रूढीप्रमाणे वेष करणाऱ्या हिंदू स्त्रीला घराबाहेर मिळत नाही. रस्त्यात होणारी टवाळी त्यांनी स्वतः सोसली होती. महाविद्यालयाचा दर्जा आणि महाविद्यालयापर्यंतचा रस्ता हे दोन्ही निकष त्यांनी एकाच तराजूत तोलले. मुलींच्या प्रवेशाच्या वेळी पालकांशी बोलणाऱ्या आपणा प्राध्यापकांना यातील दुसरा निकष अपरिचित नाही.

अमेरिकेतही पर्याय एकच नव्हता. एलिझाबेथ ब्लॅकवेल यांनी १८६८ मध्ये न्यूयॉर्कला स्त्रियांचे वैद्यकीय महाविद्यालय काढले होते. इंग्लंडात लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन १८७४ पासून होते. फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया यांहून जुने, १८५० चे. क्वेकर पंथीयांच्या पुढाकाराने ते स्थापन झाले. शहरातील पुरुष डॉक्टरांचा त्याला कडवा विरोध होता. १८६९ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमधील व्याख्यानाला गेलेल्या या विद्यार्थिनींची पुरुष विद्यार्थ्यांनी हुर्यो उडविली होती. अशा परिस्थितीत स्त्रियांनीच १८६१ मध्ये उभारलेल्या विमेन्स हॉस्पिटलचा मोठा आधार होता. प्रसूतीच्या वेळी पुरुष डॉक्टरला हात लावू देण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या भगिनींसाठी जिला शिकायचे होते, तिला याहून योग्य ठिकाण सापडणे कठीण होते. शिवाय या महाविद्यालयाला हिंदुस्थान अपरिचित नव्हता. १८६९ मध्ये तेथून पदवी घेतलेल्या क्लारा स्वेन पुढच्याच वर्षी बरेलीला येऊन काम करू लागल्या होत्या.

तरीही केवळ गुणावगुण पाहून ही निवड झाली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. गोपाळरावांनी कोल्हापुरातून मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला, तेव्हा मदतीच्या बदल्यात धर्मांतराची अपेक्षा व्यक्त झाली. ती त्या दांपत्याने नाकारली. हा पत्रव्यवहार एका मिशनरी मासिकात छापला गेला आणि न्यूजर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर यांच्या वाचनात आला. कार्पेंटरबाईंनी कोणतीही अट न घालता घर देऊ केले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. रोझेलहून फिलाडेल्फिया फार दूर नव्हते. माझ्या मते निवडीचा खरा काटा येथे फिरला. लंडनमध्ये महाविद्यालय होते, पण मावशी नव्हती.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या व ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी लिहिलेले त्यांचे पत्र २८ जूनचे आहे, म्हणजे जहाजावर पाय ठेवताना प्रवेशाची खात्री नव्हती. पत्रात त्या मोकळेपणाने सांगतात की प्रवेशाच्या सर्व अटी आपण कदाचित पूर्ण करणार नाही, पण आपली परिस्थिती अपवादात्मक असल्याने सवलत मिळावी. रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका व अधिष्ठात्री रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला. नियमावर बोट ठेवून हा अर्ज सहज फेटाळता आला असता.

या निवडीत एक बाजू कच्ची राहिली, ती हवामानाची. फिलाडेल्फियातील थंडी, नीट न पेटणारी शेगडी, शाकाहाराचा नेम आणि अभ्यास सांभाळून स्वतःच्या हाताने करावा लागणारा स्वयंपाक यांनी मुळातच नाजूक असलेली प्रकृती खालावली. त्याच अवस्थेत तीन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करून, आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावरील प्रबंधासह, ११ मार्च १८८६ रोजी त्यांनी पदवी घेतली. पंडिता रमाबाई त्या समारंभाला उपस्थित होत्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये स्त्री-विभागाची जबाबदारी त्यांना देऊ करण्यात आली होती, पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने त्यांचा अंत झाला. यावरून 'मद्रासला गेल्या असत्या तर वाचल्या असत्या' असे म्हणण्याचा मोह होतो. तो टाळावा. क्षय मद्रासलाही होता, आणि श्रीरामपूरच्या भाषणातील आक्षेपांना मद्रासने उत्तर दिले असते असे मानण्यास आधार नाही.

त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी, १८८९ मध्ये, रखमाबाई वैद्यकीय शिक्षणासाठी निघाल्या. तोपर्यंत ग्रँट मेडिकल कॉलेज स्त्रियांना खुले झाले होते, मुंबईत कामा हॉस्पिटल उभे राहिले होते आणि तेथील प्रमुख डॉ. एडिथ पीची यांचे पाठबळ रखमाबाईंना लाभले होते. त्यांनी लंडन निवडले. फिलाडेल्फियाची वाटही बंद झाली नाही : गुरुबाई करमरकर १८९२ मध्ये त्याच महाविद्यालयातून पदवी घेऊन परतल्या आणि मुंबईत अमेरिकन मराठी मिशनमध्ये रुग्णसेवा करू लागल्या.