तळं, नदी आणि त्यापलीकडे: ताडोबाची गोष्ट

"गाव कुठलं?" असं ऑफिसात कोणी विचारलं आणि मी "नागभीड" म्हटलं, की समोरचा चेहरा कोरा. मग "ताडोबाकडे" म्हणायचं. लगेच पुढचा प्रश्न, "वाघ पाहिलास?" ताडोबाचा इतिहास मात्र कोणीच विचारत नाही. खरं तर तोच जास्त भारी आहे.

त्याची सुरुवात होते एका माणसापासून. तारू नावाचा गोंड गावप्रमुख वाघाशी झुंजताना मेला आणि लोकांनी त्याला देव मानलं, अशी आख्यायिका आहे. तळ्याकाठी त्याचं ठाणं आहे. त्याच्यावरूनच नाव पडलं ताडोबा. म्हणजे आज आपण ज्या जंगलात वाघ बघायला जातो, त्याला नाव आहे वाघाने मारलेल्या माणसाचं!

१९३५ साली इथे शिकारबंदी झाली. १९५५ साली ११६.५५ चौ. किमी.चं राष्ट्रीय उद्यान झालं, महाराष्ट्रातलं सर्वांत जुनं. पण गंमत बघा, ते महाराष्ट्राने केलेलंच नाही! तेव्हा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर. १९५६ला जिल्हा मुंबई राज्यात आला, १९६०ला महाराष्ट्रात. जंगल जागच्या जागी, पण पाच वर्षांत तिसरं सरकार.

या उद्यानात तळं आलं, पण अंधारी नदीकाठचं जंगल बाहेरच राहिलं. ही नदी पुढे वैनगंगेला मिळते. तिच्या नावाचं ५०८.८५ चौ. किमी.चं अभयारण्य व्हायला १९८६ उजाडलं, म्हणजे तब्बल ३१ वर्षं! १९९५ साली दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. २०१०ला भोवती सुमारे ११०० चौ. किमी.चं बफर आलं. आणि २०१८ला आमच्या नागभीडजवळ घोडाझरी अभयारण्य, साधारण १५९ चौ. किमी. कारण ताडोबाचे वाघ उमरेड-कऱ्हांडल्याकडे जातात ते याच पट्ट्यातून.

थोडक्यात काय, वाघ आधी चालतो आणि नकाशा मागून येतो. सॉफ्टवेअरवाल्यांना हे नवीन नाही. युजर आधीच वापरत असतो, डॉक्युमेंट नंतर बनतं.

पण नकाशावरच्या प्रत्येक नव्या रेषेच्या आत माणसंही असतात. २००७ साली गाभ्यातल्या बोटेझरीचं पुनर्वसन झालं. जे गाव उठत नाही, तिथल्या बाईला मोहफुलं वेचायला पहाटे त्याच जंगलात जावं लागतं. शनिवार-रविवारी जिप्सीतून वाघ दिसला की आपण टाळ्या पिटतो. तिला तो दिसला तर काय, याचा विचार आपल्या मनातही येत नाही.

वाघ वाचले याचा मला अभिमानच आहे. पण वाघ आणि माणूस समोरासमोर आले की काय होतं, हे तारूच्या काळापासून ठाऊक असलेलं जंगल आहे हे. पुढच्या वेळी सफारीला गेलात तर तळ्याकाठच्या त्या ठाण्याकडे नीट बघा. वाघ नाही दिसला तरी चालेल.