म्युंखेनश्टाइनचा पूल आणि कार्बनच्या पट्ट्या

दिवाळे कोळीवाड्यात फायबरच्या होडीला चीर गेली, तर काचतंतूंचे कापड आणि रेझिन लावून ती बुजवतात. तडकलेल्या पोलादी पुलावर असा उपाय चालेल काय? या प्रश्नाचा इतिहास पनवेलच्या खाडीपासून फार दूर, स्वित्झर्लंडमध्ये सापडतो.

१४ जून १८९१. बाझेलजवळ बिर्स नदीवरील म्युंखेनश्टाइनचा रेल्वे पूल भरलेल्या प्रवासी गाडीसह कोसळला. सत्तरहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पूल बांधला होता आयफेल यांच्या कंपनीने. (पॅरिसचा मनोरा उभा राहून तेव्हा दोनच वर्षे झाली होती!) चौकशीत झुरिकच्या साहित्य-परीक्षण संस्थेचे प्रमुख लुडविग फॉन टेटमायर होते. दाबाखाली दांडा केव्हा वाकतो हे सांगणारे ऑयलरचे सूत्र आखूड दांड्यांना लागू पडत नाही, हे त्यांच्या अभ्यासाने ठसठशीतपणे पुढे आणले.

१८९२ मध्ये तिथे रिव्हेटचा नवा पूल झाला. आता त्याचा शत्रू निराळा होता: थकवा. एका भाराने धातू मुळीच तुटत नसेल, तरी तोच भार लाखो वेळा येऊन गेला की रिव्हेटच्या छिद्राकाठी सूक्ष्म तडा जन्मतो आणि प्रत्येक गाडीगणिक किंचित पुढे सरकतो. आउगुस्ट व्होलर यांनी रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून हे १८५० ते १८७० च्या दरम्यान दाखवून दिले होते.

टेटमायर यांची ती संस्था आज एम्पा म्हणून ओळखली जाते. १९९१ मध्ये तिने ल्युसर्नच्या इबाख पुलाची, पोलादी तारा चुकून तुटलेल्या काँक्रीटच्या पुलाची, दुरुस्ती कार्बनच्या पट्ट्या चिकटवून केली. १७५ किलो पोलादाचे काम ६ किलो कार्बनने भागले. पुढे सुमारे १२० वर्षांच्या म्युंखेनश्टाइनच्या पुलावरही कार्बनच आला. पण चिकटवून नव्हे. रिव्हेटच्या डोक्यांनी खडबडीत झालेल्या पृष्ठभागावर पट्टी नीट बसत नाही. म्हणून ती आधी ताणून दोन टोकांना पकडींनी जखडली. ताणलेली पट्टी आखडू पाहते, पोलादाला दाबते आणि तड्याचे तोंड उघडू देत नाही. जुन्या लोखंडाला वेल्डिंगची आच सोसवत नाही, हे ध्यानात घेतले म्हणजे या युक्तीचे मोल कळते.

खाडीकाठच्या पुलांना मात्र एक अडचण आहे. कार्बन विद्युतवाहक आहे. खाऱ्या ओलाव्यात तो पोलादाला थेट टेकला, तर पोलाद झपाट्याने गंजते. त्यामुळे जिथे पट्टी चिकटवायची असते, तिथे दोहोंच्या मध्ये काचतंतूंचा थर घालतात.