मोर्चातून माजघरात

आमच्या घरातली कॉम्प्युटरची गोष्ट सुरू होते ती त्याच्याविरुद्धच्या घोषणांपासून. आजोबा मुंबईला आयुर्विमा महामंडळात होते. साठच्या दशकात महामंडळाने कॉम्प्युटर आणायचं ठरवलं, तेव्हा कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनी इलाको हाऊसवर रात्रंदिवस पहारा देऊन यंत्राची वाट अडवली. आजोबा कलकत्त्याला कधी गेले नव्हते. पण युनियनच्या बैठकांत ऐकलेलं ते असं रंगवून सांगत की त्या इमारतीचा दरवाजा आम्हाला दिसायचा.

यंत्रावर मात्र त्यांचा राग नव्हता. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्याच माणसांनी बांधलेला कॉम्प्युटर १९६० साली चालू झाला होता, पुढे नेहरूंच्या हस्ते त्याचं ‘टिफ्रॅक’ असं बारसंही झालं. हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. त्यांचा प्रश्न एकच होता : हे आलं की टेबलावरून कोणाला उठवणार? तो प्रश्न रास्त होता, असं मला आजही वाटतं.

बाबा पुण्यात बँकेत लागले आणि तेही युनियनमध्ये गेले. मात्र त्यांच्या पिढीने वाटाघाट केली. १९८३ साली बँका आणि संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, पुढच्या वर्षी रंगराजन समितीचा अहवाल आला आणि शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची यंत्रं दिसू लागली. बाबांच्या शाखेत साहेबांच्या केबिनलाही एसी नव्हता, तो या यंत्राला मिळाला. चपला बाहेर काढून आत जायचं. तोवर सहामाहीचं व्याज म्हणजे खातं न् खातं घेऊन हाताने प्रॉडक्ट काढायचे आणि बॅलन्स जुळेपर्यंत घरी जायचं नाही. आई सांगते, त्या दिवसांत बाबांचं ताट झाकून ठेवलेलं असे आणि ते जेवायला बसत तेव्हा शेजारच्यांची झोप निम्मी झालेली असे. यंत्राने पहिल्यांदा ते व्याज काढून दिलं, त्या संध्याकाळी बाबा उजेडात घरी आले. कॉम्प्युटर आपल्या घरात असावा हे त्यांनी त्या दिवशी ठरवलं, असं आई म्हणते. बाबा नाकारत नाहीत.

घरात तो यायला पुढे बरीच वर्षं लागली. मधल्या काळातल्या गोष्टी काकाच्या. त्याच्या मित्राकडे इंग्लंडहून आणलेला सिंक्लेअरचा स्पेक्ट्रम होता. रबरी बटणं, ४८ के मेमरी, पडदा म्हणजे घरचा टीव्ही. प्रोग्रॅम साध्या कॅसेटवर असायचा. टेपरेकॉर्डर जोडून प्ले दाबला की कर्कश किंचाळी सुरू व्हायची, पडद्याच्या कडांना रंगीत पट्टे धावायचे आणि खोलीतली सगळी पोरं श्वास रोखून बसायची. आवाज जरा कमीजास्त झाला की लोडिंग फसायचं आणि कॅसेट पुन्हा पहिल्यापासून. पुढे हे यंत्र परवाना घेऊन भारतातही बनू लागलं. काका म्हणतो, धीर धरायला मला त्या कॅसेटने शिकवलं.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर बाबांनी पतपेढीचं कर्ज काढलं आणि काकाने सुटे भाग जोडून ४८६ उभा केला. स्कूटरपेक्षा महाग वस्तू होती ती. आजीने सीपीयूवर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि मॉनिटरला हळद लागू नये म्हणून स्वतःच जपली. खंडेनवमीला तो पाटा-वरवंट्याशेजारी पूजेला बसला. आम्हाला त्यावर ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ खेळायला मिळे, पण आधी हात धुवून.

तेव्हा सगळे फ्लॉपी मागून आणत आणि फ्लॉपीतून व्हायरस पसरत. एक तर ‘जोशी’ नावाचाच होता. ५ जानेवारीला यंत्र अडून बसे आणि ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप केल्याशिवाय हलत नसे. पुण्यातच कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी याच काळात व्हायरसवरचा उतारा लिहायला घेतला. त्याचंच पुढे क्विक हील झालं. आपल्या गावातली ही गोष्ट काका आजही अभिमानाने सांगतो.

त्या ४८६चं मला सर्वांत मोलाचं वाटणारं काम वेगळंच आहे. निवृत्त झालेले आजोबा रोज संध्याकाळी खुर्ची ओढून बसत, युनियनच्या आठवणी सांगत आणि बाबा त्या मराठीत टाइप करत. ज्या यंत्राविरुद्ध घोषणा दिल्या, त्याच यंत्रात त्या घोषणा शब्दशः उतरल्या.

आजोबा गेल्यावर त्या फ्लॉपी आम्ही उघडल्या. काहींना बुरशी लागली होती. ज्या चालल्या त्यांत इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिखल होता. त्या काळचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवत, प्रत्येक पॅकेजची मांडणी निराळी. फॉन्ट हरवला की मजकूर वाचता येत नाही. विंडोज २००० मध्ये र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा युनिकोड फॉन्ट आला आणि ती अडचण मिटायला लागली, पण आधीच्या फायली तशाच राहिल्या. बाबांना फॉन्टचं नाव आठवत होतं म्हणून आम्ही वाचलो. कन्व्हर्टरने मजकूर फिरवला; ऱ्हस्व वेलांट्या भलत्या अक्षरावर आणि रफार अधांतरी गेलेले. बाबा आणि मी ओळ न् ओळ दुरुस्त करत बसलो.

तुमच्याही माळ्यावर फ्लॉपींचा डबा असेल, तर यंदाच्या साफसफाईत तो भंगारात देऊ नका. साडेतीन इंची फ्लॉपी वाचणारा यूएसबी ड्राइव्ह मिळतो. आधी फाइल उतरवून घ्या, वाचता आली नाही तरी ठेवा. आणि ज्यांनी ती टाइप केली ते घरात असतील, तर कुठला फॉन्ट वापरला होता हे त्यांना आजच विचारून कागदावर लिहून ठेवा.