मध्यम आकाराची निगेटिव्ह आणि देवमूर्तींची ओळख

समर्थ रामदासांचे जन्मस्थान असलेल्या जांब समर्थ (ता. घनसावंगी, जि. जालना) येथील राममंदिरातून ऑगस्ट २०२२ मध्ये राम, लक्ष्मण, सीता आदी पंचधातूच्या जुन्या मूर्ती चोरीस गेल्या, त्याच वर्षी पोलिसांनी त्यांचा शोध लावला. हाती आलेली मूर्ती तीच, हे ठरविण्यास भक्तांच्या स्मृतीखेरीज जे साधन उरते, त्यात छायाचित्राचे स्थान पहिले होय. पुरावस्तूंविषयीच्या १९७२ च्या कायद्यान्वये नोंदणी करतानाही छायाचित्रे जोडावी लागतात. म्हणून गावोगावच्या मूर्तींची जुनी छायाचित्रे कोणत्या कॅमेऱ्याने घेतली गेली, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकानेही विचारावयास हवा.

१९४८ पर्यंत जांब निजामाच्या राज्यात होते. त्या राज्याचे नामांकित छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी वेरूळसारखी स्थळे काचेच्या पट्ट्यांवर टिपली. परंतु जड पेटी, तिवई व काचा यांचा तो संभार आडगावच्या गाभाऱ्यापर्यंत नेणे सोपे नव्हते. ही अडचण दूर केली ती सुमारे सहा सेंटिमीटर रुंदीच्या, कागदात गुंडाळलेल्या फिल्मने. कोडॅकने १९०१ साली काढलेली ‘१२०’ क्रमांकाची ही फिल्म आजही मिळते. तिच्यावर सहा बाय सहाची बारा चित्रे बसतात. १९२९ साली जर्मनीत निघालेल्या दुहेरी भिंगाच्या रोलिफ्लेक्सने या आकारास प्रतिष्ठा दिली; होमाई व्यारावाला यांच्या हाती तो दीर्घकाळ होता. छातीशी धरून, मान लववून वरून पाहावयाचा हा कॅमेरा देवापुढे शोभून दिसे, असे म्हणावयास हरकत नाही!

या फिल्मचा खरा लाभ तिच्या आकारमानात आहे. ३५ मिलिमीटर फिल्मवरील चित्राचे क्षेत्र ८६४ चौरस मिलिमीटर. सहा बाय सहाचे (प्रत्यक्षात ५६ बाय ५६) ३१३६, म्हणजे साडेतीन पटींहून अधिक. त्यामुळे संपूर्ण मूर्तीच्या निगेटिव्हमधून पुढे केवळ मुखाचा भाग मोठा करून एखादा टवका किंवा ओतकामातील खोट पडताळता येते. शिवाय निगेटिव्ह कागदावर थेट ठेवून पाहण्याजोगी प्रत काढता येई; त्यासाठी विजेचे वर्धकयंत्र लागत नसे, कंदिलाचा उजेडही पुरे. वीज उशिरा पोचलेल्या मराठवाड्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. मात्र आकार म्हणजे गुणवत्ता नव्हे. बडोद्यात तयार होणाऱ्या स्वस्त आग्फा क्लिक-३ चे चित्रही सहा बाय सहाचेच. पण त्याच्या साध्या भिंगातून कडेचा तपशील पुसट उमटे.

जुन्या स्टुडिओंतील अशा निगेटिव्ह आता वेगाने नष्ट होत आहेत. अ‍ॅसिटेटच्या फिल्मला शिरक्यासारखा आंबूस वास येऊ लागला की ती आकसते आणि वरचा थर सुटतो. भिंतीवरील तसबिरीत बहुधा चित्राचा कापलेला भाग असतो. निगेटिव्हवर मात्र चौकट संपूर्ण असते आणि फिल्मच्या कडेवर तिचे नाव व चित्रांचे क्रमांकही. काळ ठरविण्यास ते उपयोगी पडतात.

एक मर्यादा मात्र यंत्राची नाही. भक्तास चित्र हवे असे ते वस्त्रालंकारांनी मढविलेल्या देवाचे. मूर्तीची पाठ आणि पीठाचा तळ यांचे चित्र घेण्याचे कोणास क्वचितच सुचले.